एस्कोरियाल: मठ पाहून लगेच परतीची गाडी धरू नका

रामटेकला जाणारे बहुतेक लोक गडावर दर्शन घेतात, माकडांना चुकवत पायऱ्या उतरतात आणि थेट गाडीत बसतात. कपूर बावली राहून जाते, अंबाळ्याचा काठ राहतो, नगरधनचा किल्ला तर आठवतही नाही. माद्रिदजवळच्या एस्कोरियालचं नेमकं तेच होतं. अंतरही जवळपास तेवढंच आहे, पन्नासेक किलोमीटर. सकाळी निघायचं, तीन तासांत मठ उरकायचा, चौकात कॉफी घ्यायची आणि चारच्या गाडीने परत. मुलाकडे महिनाभर राहायला गेलेले आईवडील असोत की शिकायला गेलेली मुलं, नागपूरकरांचा बेतही बहुधा असाच असतो. त्या बेतात दुपार आणि संध्याकाळ जोडा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मठाबद्दल थोडक्यात. स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याच्या सैन्याने १० ऑगस्ट १५५७ रोजी सान किन्तिनची लढाई जिंकली. तो दिवस संत लोरेन्सोचा, म्हणून मठ त्याच्या नावाने. पायाचा दगड १५६३ साली बसला, शेवटचा १५८४ साली. हुआन बाउतिस्ता दे तोलेदोने आराखडा केला आणि त्याच्या मृत्यूनंतर हुआन दे एरेराने काम तडीस नेलं. मठ, राजवाडा, ग्रंथालय आणि राजघराण्याचं दफनस्थान असं सगळं एकाच भिंतीत आहे. १९८४ पासून जागतिक वारसा. आतलं सगळं पाहण्यासारखं आहेच. पण ही एवढी मोठी दगडी इमारत इथेच का उभी राहिली, याचं उत्तर आत मिळत नाही. ते बाहेरच्या डोंगरात, रानात, वाऱ्यात आणि पाण्यात आहे. राजाच्या माणसांनी जागा निवडली तीच मुळी ग्रॅनाइट हाताशी, झरे वर डोंगरात, सरपण आणि शिकार खाली रानात, असं पाहून.

पहिली गफलत नावाची. गावं दोन आहेत. खालचं एल एस्कोरियाल हे जुनं गाव, वरचं सान लोरेन्सो दे एल एस्कोरियाल हे मठाभोवतीचं. फेलिपेच्या काळात मठाला खेटून वस्ती होऊ दिली नव्हती. वरचं गाव वसलं ते अठराव्या शतकात, कार्लोस तिसऱ्याच्या वेळी. रेल्वे स्टेशन खालच्या गावात आहे, म्हणून फलाटावरच्या पाटीवर ‘एल एस्कोरियाल’ एवढंच दिसेल. ‘सान लोरेन्सो’ शोधत बसलात तर गाडी पुढे निघून जाईल. बस मात्र थेट वरच्या गावात जाते. माद्रिदमधल्या मोंक्लोआच्या भुयारी स्थानकातून ६६१ आणि ६६४ क्रमांकाच्या बस सुटतात आणि त्यांच्या शेवटच्या थांब्यापासून मठ पाच-सात मिनिटांवर आहे.

माझं ठाम मत: जाताना लोकल, येताना बस. माद्रिदच्या उपनगरी गाड्यांना सेर्कानियास म्हणतात. त्यातून तासाभरात स्टेशनवर उतरलात की समोरचा रस्ता ओलांडून ‘कासिता देल प्रिन्सिपे’च्या बागेचं खालचं फाटक लागतं. बहुतेक लोक स्टेशनबाहेर वर जाणाऱ्या बससाठी रांग लावतात आणि ही बाग त्यांच्या हातून सुटते. बागेतून चढत गेलं की वीस-पंचवीस मिनिटांत मठाच्या पूर्वेकडे पोचता. चढ शंभरेक मीटरचा, पण सलग सावलीतला. गुडघे दुखत असतील त्यांनी बसच घ्यावी, त्यात कमीपणा नाही. फाटक बंद असेल तर बागेच्या भिंतीकडेचा रस्ताही वरच जातो.

या बागेच्या मधोमध एक लहान देखणी इमारत आहे. पुढे कार्लोस चौथा झालेल्या राजपुत्रासाठी हुआन दे बियानुएवाने ती १७७१ ते १७७५ मध्ये बांधली आणि नंतर वाढवली. माद्रिदचं प्रादो संग्रहालय ज्याने बांधलं तोच हा वास्तुकार. ‘कासिता’ म्हणजे घरकुल. इथे कोणी झोपायचं नाही. दिवसभर बसायचं, चित्रं पाहायची, खायचं-प्यायचं, रात्री मठातल्या राजवाड्यात परतायचं. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या बागेतल्या बंगल्यासारखंच. आत पोंपेई या प्राचीन रोमन शहराच्या धाटणीची रंगवलेली छतं आणि बुएन रेतिरोच्या कारखान्यातलं पोर्सेलिन आहे. खोल्या इतक्या लहान की एका वेळी थोडेच लोक सोडतात, त्यामुळे आतलं दर्शन रोज नसतं आणि वेळ आधी घ्यावी लागते. हे पात्रिमोनियो नासिओनाल या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर निघायच्या आदल्या दिवशी पाहावं. जमलं नाही तरी बाग सोडू नका. तिथले सेक्वोया वृक्ष मान वर करून पाहावे लागतात.

वर पोचलात की मठाच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मोठं फरसबंद मैदान लागेल, ते लोन्हा. लोक इथे फोटो काढतात आणि आत पळतात. पाच मिनिटं नुसते उभे राहा. आबान्तोस डोंगरावरून येणारा वारा हिवाळ्यात इथे इतका झोंबतो की मैदान ओलांडणंही कठीण व्हायचं. म्हणून १७७० साली आन्तोनियो दे पोन्तोनेस नावाच्या साधूने या फरशीखालून दगडी भुयार बांधलं, ते समोरच्या सेवकवर्गाच्या इमारतींपासून थेट मठापर्यंत. त्याला ‘ला कान्तिना’ म्हणतात. तलवारी नाहीत, गुप्त पलायन नाही. दरबारातल्या माणसांना वारा लागू नये एवढंच त्याचं काम. मला ते फार आवडतं, कारण इथली हवा कशी आहे हे त्या एका भुयाराइतकं स्पष्ट कुठलाच फलक सांगत नाही. ते कायम उघडं नसतं. मठाजवळच्या ग्रिमाल्दी रस्त्यावर पर्यटन कार्यालय आहे, तिथे सकाळीच विचारून ठेवा. त्याच वेळी ‘रेआल कोलिसेओ’बद्दलही विचारा. कार्लोस तिसऱ्याच्या काळातलं, हाइमे मार्केटने बांधलेलं दरबारी नाट्यगृह गावातल्या एका साध्या रस्त्यावर आहे. बाहेरून कोणाला पत्ता लागू नये इतकं साधं, आत मात्र लाकडी सज्जांचं इटुकलं थिएटर. प्रयोग असेल तर तिकीट काढून बसणं हाच ते पाहण्याचा खरा मार्ग.

मठाच्या दक्षिण अंगाला साधूंची बाग आहे. कापून चौकोनी केलेली बॉक्सवुडची झुडपं, त्यांच्यापलीकडे कठडा, कठड्याखाली परसबाग आणि मोठा हौद. नैर्ऋत्य कोपऱ्यात खांबांची एक ओसरी दिसेल. दुखण्यातून उठलेल्या साधूंनी ऊन खात बसावं म्हणून ती बांधली. उत्तरेकडे वारा, दक्षिणेकडे ऊन. एकाच इमारतीच्या दोन बाजूंनी दोन ऋतू. हौदात मठाचं प्रतिबिंब पाहायचं तर वारा पडलेला हवा, म्हणजे शक्यतो सकाळी.

वाराचं गणित आधीच करून ठेवा. सोमवारी मठ बंद असतो आणि त्या दिवशी आलेले लोक हताश होऊन परत जातात. खरं तर रान, डोंगर आणि गाव यांना सोमवार लागू नाही. बुधवारी आणि रविवारी शेवटच्या काही तासांत प्रवेश मोफत असतो असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ती सवलत युरोपीय संघाचे नागरिक, तिथले रहिवासी आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांचे नागरिक यांच्यासाठी आहे. नुसत्या पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना तिकीट लागतं. तिथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांनी आपलं रहिवासी कार्ड सोबत ठेवावं, आईवडिलांचं तिकीट काढावं. मोफत वेळेत रांग वाढते ती वेगळीच.

जेवणाची गफलत सगळ्यांची होते. दुपारचं जेवण दीड-दोनला सुरू होतं आणि चारच्या सुमारास चूल बंद. मग रात्री आठ-साडेआठपर्यंत नीट जेवण मिळणं अवघड. मठातून साडेतीनला बाहेर पडलात तर सुकं सँडविच खावं लागेल. शाकाहारी माणसाने तिथे शेंगा आणि डाळी पाहून हुरळून जाऊ नये. राजमा, छोले, मसूर या सगळ्यांत चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज किंवा चरबी शिजवतानाच घातलेली असते. ‘तुकडे काढून द्या’ म्हणून उपयोग नाही. हिरव्या शेंगांवरही हॅम असतं. ‘सिन कार्ने, सिन हामोन’ असं दोन्ही म्हणा, कारण त्यांच्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हटलं की हॅम त्यात धरलं जाईलच असं नाही. ‘पिस्तो’ ही टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनीची भाजी चालते, फक्त वरचं अंडं नको असेल तर तसं सांगा. बटाट्याच्या ‘तोर्तिया’त अंडं असतंच. ज्यांना काहीच चालत नाही त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्यावी. दुपारी रानात बसून खाण्याइतकी छान सोय दुसरी नाही.

आता ज्यासाठी दुपार राखून ठेवायला सांगितलं, तिकडे. मठाच्या नैर्ऋत्येला, साधारण एक किलोमीटरवर, दुसरी कासिता आहे. ‘कासिता देल इन्फान्ते’. हीसुद्धा बियानुएवाचीच, पण हिचा मालक निराळा. कार्लोस तिसऱ्याचा मुलगा गाब्रिएल. त्याला संगीताचं वेड, आणि त्याचे गुरू आन्तोनियो सोलेर हे मठातलेच साधू. सोलेर १७५२ पासून १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच मठात राहिले. गुरुशिष्यांनी मिळून वाजवावेत म्हणून दोन ऑर्गनसाठी त्यांनी सहा रचना केल्या. हे घरही संगीतासाठीच रचलेलं: मधला दिवाणखाना दोन मजले उंच, वादक वरच्या सज्जात आणि ऐकणारे खाली, त्यामुळे वाजवणारे दिसत नाहीत, सूर मात्र छतातून उतरतात. हुआन कार्लोस हे राजे होण्याआधी, विद्यार्थी असताना इथे राहिले होते. आतलं दर्शन इथेही ठरावीक दिवशीच मिळतं. पण टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी बाहेरची बाग, आणि तिच्या कठड्यावरून मागे वळून दिसणारा मठ, एवढ्यासाठीसुद्धा वाट वाकडी करावी. जायच्या आधी सोलेरची एखादी दोन ऑर्गनची रचना ऐकून जा, म्हणजे त्या रिकाम्या दिवाणखान्याला अर्थ येईल.

तिथून पुढे ला एरेरियाचं रान सुरू होतं. एरेरिया म्हणजे लोहारकाम, भट्ट्या. एस्कोरियाल या नावाचा उगमही बहुतेक जण ‘एस्कोरिया’ म्हणजे लोखंडाच्या मळीच्या ढिगांतच शोधतात. खाणीच्या कामातून उरलेले ढीग कसे असतात हे रामटेकच्या वाटेवर मनसरला मॅंगनीजच्या खाणी पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जगातल्या एका मोठ्या राजाच्या मठाला भट्टीतल्या कचऱ्याचं नाव आहे, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण गाव मठाच्या आधीचं आहे.

रानातली दोन झाडं ओळखायला शिका. एक रेबोयो, ओकचीच जात. याची पानं थंडीत वाळतात पण गळत नाहीत. साग आणि पळस फेब्रुवारीत उघडे पडलेले पाहायची आपल्याला सवय. हे झाड तांबूस-तपकिरी पानं अंगावर घेऊन हिवाळाभर उभं असतं आणि वसंतात नवी पालवी जुन्या पानांना ढकलून देते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ते ऐन रंगात येतं. दुसरं झाड फ्रेस्नो. त्याचं खोड माणसाच्या डोक्याच्या थोडं वर येऊन एकदम जाड गाठाळ होतं आणि तिथून काठ्यांसारख्या फांद्या फुटतात. हा रोग नव्हे. कोरड्या उन्हाळ्यात गवत संपलं की गुरांना पाला मिळावा म्हणून शतकानुशतकं त्या उंचीवर छाटणी केली जायची. खाली छाटलं असतं तर कोवळे कोंब गुरांनीच खाल्ले असते. गुरं आजही मोकळी फिरतात. गाय आणि तिचं वासरू यांच्या मधून जाऊ नका.

वाट अशी: कासितापासून रस्ता ओलांडून ‘एर्मिता दे ला बिर्हेन दे ग्रासिया’ या लहान देवळाकडे उतरायचं आणि तिथून लास माचोतास टेकड्यांच्या दिशेने चढायचं. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी या देवळाची रोमेरिया, म्हणजे जत्रा भरते. सजवलेल्या गाड्या आणि पारंपरिक वेशातली माणसं सगळं रान भरून टाकतात. त्या दिवशी शांतता शोधत जाल तर फसाल, जत्रा पाहायला जाल तर आयुष्यभर लक्षात राहील. वाटेत गोल्फचं मैदान लागतं. ते खाजगी आहे, हिरवळ दिसली म्हणून आत शिरू नये. मठापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत रमतगमत तासभर लागतो.

शेवटचा टप्पा म्हणजे ‘सिया दे फेलिपे सेगुंदो’, फेलिपे दुसऱ्याची खुर्ची. मोठ्या ग्रॅनाइटच्या खडकात कोरलेल्या पायऱ्या आणि बैठका. राजा इथे बसून बांधकामावर नजर ठेवायचा अशी दंतकथा आहे. ती खरीच असेल असं धरून चालू नका. माद्रिदच्या स्वायत्त विद्यापीठातल्या आलिसिया कान्तो यांनी हे रोमनपूर्व काळातल्या व्हेट्टोन लोकांचं यज्ञस्थान असावं असं मांडलं आहे. त्या लोकांचे खडकात पायऱ्या कोरलेले असेच चौथरे स्पेनच्या पश्चिम भागात आहेत. वाद मिटलेला नाही. खडकावर बसून समोर पाहिलं की दंतकथा का टिकली ते मात्र कळतं. मठ इथूनच पहिल्यांदा पूर्ण दिसतो. मागे आबान्तोसची भिंत, खाली गर्द रान, मधोमध तो करडा चौकोन, घुमट, आणि बेर्नार्दोसच्या खाणीतल्या पाटीच्या दगडाने शाकारलेली निळसर काळी टोकदार छपरं. मठाजवळ उभं राहून जी इमारत कोरडी, कठोर वाटते, ती इथून डोंगराचाच एक तासलेला भाग वाटते.

इथे वेळ फार महत्त्वाची. मठाची पश्चिम आणि दक्षिण बाजू इकडे वळलेली आहे, त्यामुळे सकाळी दर्शनी भिंत सावलीत असते आणि फोटो काळवंडतात. दुपारनंतरच या. पण ‘दुपारनंतर’चा अर्थ आपल्या घड्याळाने लावू नका. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं. उन्हाळ्यात माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या आसपास आणि जूनमध्ये मावळतो पावणेदहाला. म्हणजे चार वाजता तिथे आपला दुपारचा पावणेदोन असतो. जून-जुलैत सातनंतर उजेड मऊ होतो. डिसेंबरमध्ये उलट, सहाच्या आधीच सूर्य गेलेला असतो आणि रानात त्याहून लवकर अंधारतं, तेव्हा साडेतीनला पोचून पावणेपाचला उतरायला लागा.

पावसानंतर खडकावरचं शेवाळ निसरडं होतं आणि पायऱ्यांच्या कडा झिजलेल्या आहेत. गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून वर चढू नये. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उंच गवतात गोचिड असतात, पाय झाकलेले ठेवा आणि परतल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी तपासा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी वरपर्यंत मोटार जाते, पण शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

आबान्तोसला वेगळा दिवस द्या. उंची १७५३ मीटर, म्हणजे मठापासून सातशेवर मीटरचा चढ. जाऊन-येऊन पाच तास धरा. अर्ध्यातून परतायचं असेल तरी रोमेराल धरणाच्या वरच्या अंगाला असलेलं लुईस सेबायोस वृक्षोद्यान गाठा. स्पेन आणि पोर्तुगालच्या भूमीतली आणि बेलेआरिक बेटांवरची अडीचशेच्या वर झाडं-झुडपं तिथे आहेत. ज्यांचं नाव त्याला दिलं ते वनशास्त्रज्ञ याच गावात जन्मले. या उतारावरचं पाइनचं रान नैसर्गिक वाटतं, पण एकोणिसाव्या शतकात हा डोंगर उघडाबोडका होता. गावात तेव्हा वनशास्त्राचं विद्यालय होतं, आणि त्या काळात इथे लावणी झाली. ऑगस्ट १९९९ मधल्या वणव्यात यातलं पुष्कळ रान जळलं. त्यामुळे उन्हाळ्यात आग पेटवणं सोडाच, सिगारेटचं थोटूकसुद्धा गुन्हा समजा. माथ्याजवळ जुन्या राजाच्या शिकाररानाची दगडी भिंत आणि बर्फ साठवायच्या विहिरी आहेत. हिवाळ्यातला बर्फ दगडी खड्ड्यात तुडवून घट्ट करायचा, वरून पाला-गवताने झाकायचा आणि उन्हाळ्यात काढायचा. वरती पाणी मिळेलच असं नाही, माणशी दोन लिटर खालूनच न्या. गावातल्या कारंजावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर ते पिऊ नये.

कुएलगामुरोसचा तो दीडशे मीटरचा क्रूस रस्त्यातून दिसतो. फ्रँकोच्या राजवटीतलं ते स्मारक वेगळा, जड विषय आहे. त्याच दिवसात कोंबू नका. ला फ्रेस्नेदा हे फेलिपेचं तळ्यांचं रान नकाशावर मोहात पाडतं, पण ते खाजगी मालकीचं आहे, फाटकापर्यंत जाऊन परतावं लागेल.

बसऐवजी लोकलनेच परतायचं ठरलं तर खालच्या गावात दहा मिनिटं काढून सान बेर्नाबे चर्च पाहा. एरेराच्या हाताखाली तयार झालेल्या फ्रान्सिस्को दे मोराने १५९० च्या दशकात ते बांधलं. तोच ग्रॅनाइट, त्याच सरळ रेषा, तेच शोभेचे दगडी गोळे, पण गावकऱ्यांच्या मापाचं. प्रार्थनेच्या आधी-नंतर दार उघडं असतं, एरवी बंद. तिथून स्टेशन पायी जाण्याइतकं जवळ आहे.